ध्रुवाजवळील विमानतळ आणि अंतराचा हिशेब

म्हैसूरजवळील वरुणा या गावाहून पूर्वेकडे एक अंश रेखांश ओलांडावयाचा झाल्यास सुमारे १०९ किलोमीटर जावे लागते. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरब्येन येथे तोच एक अंश अवघ्या २३ किलोमीटरांत संपतो. सर्व रेखावृत्ते ध्रुवापाशी एकत्र येतात, त्याचा हा परिणाम होय. भिंतीवरील सपाट नकाशात ती बहुधा समांतर काढलेली असतात. त्यामुळे उत्तरेकडील अंतरे नको तितकी फुगतात.

लाँगइयरब्येन आणि कॅनडाच्या बाफिन बेटावरील इकालुइट या दोन दूरस्थ विमानतळांच्या रेखांशांत ८४ अंशांचे अंतर आहे. विषुववृत्तावर एवढ्या अंशांचे ९,३०० किलोमीटरांहून अधिक होतात. प्रत्यक्षात हे विमानतळ एकमेकांपासून सुमारे ३,०५० किलोमीटर, म्हणजे श्रीनगर ते तिरुवनंतपुरम या अंतराहून थोडेसेच अधिक दूर आहेत. शाळेतील पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून पाहावा. इकालुइट पुष्कळ दक्षिणेस असूनही दोरा लाँगइयरब्येनहून निघताना पश्चिमेच्या किंचित उत्तरेकडे झुकतो आणि मग ग्रीनलँड ओलांडून खाली उतरतो. या मार्गास महावृत्त म्हणतात. गोलावरील सर्वांत जवळची वाट तीच.

वेळेचा हिशेब मात्र एवढ्याने संपत नाही. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हा प्रवास सुमारे ३ तास ५० मिनिटांचा होईल. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर ४ तास २० मिनिटे लागतील. पाठीमागून असेल तर ३ तास २५ मिनिटे पुरतील.

याहून गंभीर प्रश्न वाटेत एक इंजिन बंद पडल्यास काय, हा आहे. दोन इंजिनांच्या विमानाने एका इंजिनावर ६० मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळापासून दूर जाऊ नये, असा नियम अमेरिकेत १९५३ साली झाला. इंजिने विश्वसनीय ठरल्यावर १९८५ मध्ये १२० मिनिटांची आणि पुढे १८० मिनिटांची मुभा मिळाली. ग्रीनलँडचे विमानतळ हवामानामुळे बंद आहेत आणि एका इंजिनावरील वेग ताशी ६५० किलोमीटर आहे असे धरू. मार्गाच्या मध्यावरून कोणतेही टोक १,५२५ किलोमीटरांवर, म्हणजे १४१ मिनिटांवर येते. १२० मिनिटांचा परवाना येथे अपुरा पडतो. १८० मिनिटांचा पुरतो.

हा हिशेब वरुणाच्या परिसरासही परका नाही. बंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांत सुमारे १६० अंशांचे अंतर असल्याने त्यांच्यामधील महावृत्त उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते. त्याची लांबी सुमारे १४,००० किलोमीटर भरते. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखालील महिला वैमानिकांनी एअर इंडियाचे दोन इंजिनांचे बोइंग ७७७ विमान ध्रुवावरून बंगळूरला आणले. प्रवासास सुमारे १७ तास लागले. अशा उड्डाणापूर्वी वाटेवरील आडबाजूच्या विमानतळांचे हवामान आणि धावपट्ट्यांची स्थिती तपासावी लागते. शिवाय ‘जेट ए-१’ हे इंधन उणे ४७ अंश सेल्सियसला गोठण्याच्या बेतास येत असल्याने, अतिशीत हवेचा पट्टा आडवा आल्यास वैमानिक जवळची वाट सोडून लांबची, पण उबदार वाट धरतात.