न बोलणारा बॅराकुडा

‘फाइंडिंग नीमो’ (2003) जेमतेम सुरू होतो आणि नीमोची आई व चारशेहून अधिक अंडी बॅराकुडाच्या पोटात जातात. या चित्रपटात जवळजवळ सगळे बोलतात. मासे बोलतात, कासवं बोलतात, पेलिकन बोलतो, मासे न खाण्याची शपथ घेतलेले शार्कसुद्धा बोलतात. हा बॅराकुडा मात्र चकार शब्द काढत नाही. पुढे खोल अंधारात दिवा दाखवून भुलवणारा अँगलरफिशही मुकाच. त्यांच्या तोंडी दोन वाक्यं घालणं पटकथाकारांना काही जड नव्हतं. पण बॅराकुडा बोलला असता, तर नीमोच्या बापाला त्याच्यापुढे गयावया करता आली असती, नाहीतर एखादी थाप तरी मारता आली असती. बोलक्या प्राण्यांचं मुलांना एवढं वेड का, याचं उत्तर मला या मुक्या माशात दिसतं. जिथे बोलता येतं तिथे खाल्लं जाणं लांबवता येतं. घरात सगळ्यांत लहान असलेल्या पोराजवळ तरी जीभ सोडून दुसरं कुठलं हत्यार असतं?

ही युक्ती ॲनिमेशनवाल्यांनी शोधलेली नाही. लोककथेत लेकीकडे निघालेली म्हातारी वाघाला वायदा करते, परतताना माझ्या अंगावर मांस असेल, तेव्हा खा. आणि परतते ती भोपळ्यात बसून. पंचतंत्रातलं माकड भर पाण्यात मगरीला पटवतं की काळीज झाडावरच राहिलं. दोन्ही ठिकाणी खाणारा बोलतो, म्हणून तर फसतो. इब्न अल-मुकफ्फानं आठव्या शतकात पंचतंत्राच्या कथा अरबीत नेल्या, तेव्हा पुस्तकाला नाव मिळालं ते करटक आणि दमनक या दोन बोलघेवड्या कोल्ह्यांचंच: ‘कलीला व दिम्ना’.

चित्रपटानं यात भर घातली ती वाटणीची. वाचा कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे तिथे फार काटेकोरपणे ठरतं. ‘द लायन किंग’मध्ये (1994) सिंहराजा मुफासा आपल्या छाव्याला, सिंबाला समजावतो की आपण हरणं खातो, पण मेल्यावर आपलं गवत होतं आणि ते हरणं खातात. ज्यांच्याविषयी हे तत्त्वज्ञान चाललेलं असतं त्या हरणांना एकही संवाद नाही. असता, तर मुफासाची पंचाईत झाली असती. ब्रॅड बर्डच्या ‘रॅटाटूई’त (2007) ही वाटणी सर्वांत सुंदर आहे. रेमी उंदराला माणसांचं बोलणं कळतं, पण त्याचं बोलणं माणसांना नुसतं चिंचिं ऐकू येतं. त्याला पकडून नदीवर नेणाऱ्या लिंग्विनी या तरुणापुढे तो फक्त मान हलवू शकतो, आणि तेवढ्या होकारावर त्याचा जीव वाचतो. सगळं समजतं पण आपलं कुणी ऐकत नाही, ही अवस्था पाच वर्षांच्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. निखिल अडवाणींच्या ‘दिल्ली सफारी’त (2012) मुंबईचं जंगल बुलडोझरखाली जातं, बिबट्याच्या बछड्याचा बाप मारला जातो आणि उरलेले प्राणी दाद मागायला संसदेकडे निघतात. सोबत पोपट हवाच, कारण माणसांची भाषा त्यालाच येते. चित्रपट ठिकठिकाणी बटबटीत आहे. पण गाऱ्हाणं मांडायला दुभाषा लागतो, ही त्यातली गोष्ट पक्की आहे.

यावर म्हणता येईल की हे प्राणी नव्हेतच, कातडी पांघरलेली माणसं आहेत. बरोबर आहे. क्लाऊनफिशची मादी मेली तर तिच्या नराचीच मादी होते. नीमोचा बाप क्लाऊनफिशच, त्याचं मात्र असं काही झालं नाही. पण नुसती माणसंच दाखवायची असती, तर रेमीचं बोलणं लिंग्विनीला ऐकू न येण्याचा नियम कशाला पाळला असता? दुसरा आक्षेप बाजाराचा: ओळखीचा आवाज तिकिटं खपवतो. तेही खरं. दूरदर्शनवरच्या ‘जंगल बुक’मधला नाना पाटेकरांचा शेरखान आठवणाऱ्यांसाठीच 2016च्या ‘जंगल बुक’ चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत त्यांना पुन्हा बोलावलं असणार. तरी आवाज आठवतो तो शेरखानाचा म्हणून. धमकी देणाऱ्या वाघाला उलट उत्तर देता येतं, आणि मोगली ते देतो.

सगळ्यांत अवघड आक्षेप ‘फ्लो’चा (2024). लाटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिसच्या या चित्रपटात पूर आहे, होडी आहे, मांजर, कुत्रा, लेमूर, कॅपिबारा आहेत आणि संवाद एकही नाही. तरी 2025चं ॲनिमेशनपटाचं ऑस्कर त्यालाच मिळालं. मग वाचेची गरजच काय? माझ्या मते ‘फ्लो’ माझंच म्हणणं उलट्या बाजूनं दाखवतो. पाण्याशी घासाघीस करता येत नाही, म्हणून तिथे शब्द निरुपयोगी आहेत. मात्र होडीत एकमेकांशेजारी बसायचं तर गुरगुर, म्यावम्याव, हुंकार यांवाचून भागत नाही, आणि त्यांची निवड संवादांइतकीच जपून केलेली आहे. खऱ्या कॅपिबाराचा आवाज फारच चिरका निघाला, तेव्हा त्या शांत, जाड प्राण्याला उंटाच्या पिल्लाचा आवाज देण्यात आला.