इरुळरांची परवान्याची शिकार

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवर वडनेम्मेली नावाचे गाव लागते. तिथल्या मगर संवर्धन केंद्राच्या आवारात एक सहकारी सोसायटी आहे. तिचे सभासद इरुळर आदिवासी आणि तिचा धंदा शिकारीचा. सभासद रानातून, शेतातून विषारी साप धरून आणतात, सोसायटी त्यांचे विष काढून औषध कंपन्यांना विकते आणि साप पुन्हा सोडून दिले जातात. 1978 मध्ये नोंदवलेली ही ‘इरुळर सर्पधारक औद्योगिक सहकारी सोसायटी’ म्हणजे आदिवासींनी कायद्याच्या चौकटीत राहून शिकार कशी करावी, याचे भारतातले बहुधा सर्वांत नेटके उदाहरण आहे.

साप जिवंत धरला आणि जिवंतच सोडला, तर ती शिकार कशी, असे कोणालाही वाटेल. कायद्याला तसे वाटत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार जनावर मारणे ही शिकार आहेच, पण पकडणे, फासे लावणे, आमिष दाखवणे, हाकारा घालणे, विष घालणे, पक्ष्यांची अंडी वा घरटी काढणे हीसुद्धा शिकारच. कायदा झाला तेव्हा लहान-मोठ्या शिकारीचे परवाने मिळत असत. 1991 च्या दुरुस्तीने ते बंद झाले. तेव्हापासून संरक्षित प्राण्यांची हौसेची, खाण्यासाठीची किंवा विक्रीची शिकार देशात जवळजवळ कोणालाही करता येत नाही. सर्वाधिक संरक्षण असलेल्या पहिल्या परिशिष्टातील प्राण्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षांचा तुरुंगवास आहे.

आदिवासींना यातून सूट आहे, हा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने मध, डिंक, तेंदूपाने अशा गौण वनोपजावर हक्क दिला आणि इतर पारंपरिक हक्कही मान्य केले. पण त्याच वाक्यात शिकारीचा, फासे लावण्याचा आणि वन्यप्राण्याचे अवयव काढण्याचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. अपवाद एकाच ठिकाणचा. निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींना 1967 च्या अधिसूचनेने दिलेले शिकारीचे हक्क 1972 च्या कायद्याच्या कलम 65 ने कायम ठेवले. अमेरिकेतील आदिवासी राखीव प्रदेशांत जमातीचे स्वतःचे शासन शिकारीचे परवाने देते, हंगाम ठरवते आणि एका माणसाने किती पक्षी टिपायचे याची मर्यादाही घालते. भारताच्या मुख्य भूमीवर तसे काही नाही. इथे आदिवासी शिकाऱ्यालाही मुख्य वन्यजीव रक्षकाच्या कागदाशिवाय पाऊल टाकता येत नाही.

इरुळरांना हा कागद मिळतो तो कलम 12 मुळे. शिक्षण, संशोधन, वन्यजीवांचे शास्त्रीय व्यवस्थापन यांच्याबरोबर जीवरक्षक औषधांसाठी सर्पविष मिळवणे हे कारणही त्या कलमात नमूद आहे. या अरुंद दारातून एक अख्खी जमात कशी आत आली, हे पाहायला थोडे मागे जावे लागते.

तमिळनाडूच्या उत्तर किनारपट्टीवरचे इरुळर पिढ्यान्‌पिढ्या साप, उंदीर, घोरपडी, ससे आणि औषधी मुळ्या यांवर जगत आले. विसाव्या शतकात सापाच्या कातड्याला परदेशात भाव आला. धामण, अजगर, नाग यांची कातडी मद्रासच्या आसपासच्या कारखान्यांत कमावली जात आणि तिथून पर्स, पट्टे, बूट होऊन बाहेर जात. धरणारा इरुळर, सोलणाराही तोच. पैसा मात्र व्यापाऱ्याचा. आधी 1972 चा कायदा आला आणि 1976 मध्ये कातड्यांच्या निर्यातीवर बंदी पडली. व्यापारी दुसऱ्या धंद्याकडे वळले. इरुळरांकडे दुसरा धंदा नव्हता.

मद्रासमध्ये सर्पोद्यान आणि पुढे मगर केंद्र उभे करणारे रोम्युलस व्हिटेकर या शिकाऱ्यांना चांगले ओळखत होते. सापाची ओळख त्यांनी बऱ्याच अंशी इरुळरांकडूनच करून घेतली होती. माणसे तीच आणि कौशल्य तेच ठेवून मेलेल्या सापाऐवजी जिवंत सापाला किंमत आणायची, असा विचार पुढे आला. त्यातून सोसायटी उभी राहिली.

परवान्यात चार जाती असतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. भारतात सर्पदंशाने होणारे बहुतेक मृत्यू या चौघांच्या खात्यावर जातात. कोणत्या जातीचे किती साप, कोणत्या मुदतीत आणि कोणत्या जिल्ह्यांतून धरायचे, हे परवानगीत लिहिलेले असते. चेंगलपट्टू, कांचीपुरम आणि तिरुवल्लूर हा त्यांचा मुख्य टापू. धामण समोरून गेली तरी तिला हात लावायचा नाही. आकड्याची मर्यादा संपली की घोणसही तशीच सोडून द्यायची. एकेकाळी धामणीच्या कातड्यावर घर चालवलेल्या माणसांसाठी हे सोपे नसणार.

जमीन हाही प्रश्न आहेच. किनारपट्टीचे इरुळर तमिळनाडूतील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात आणि बहुतेकांच्या नावावर शेतजमीन नाही. त्यामुळे ही शिकार ‘आदिवासींच्या जमिनीवर’ होतच नाही. ती होते दुसऱ्याच्या भातखाचरांच्या बांधांवर, काटेरी कुंपणांत, सरूच्या बागांत आणि किनाऱ्याच्या वाळूत. शेतकऱ्याची संमती हा कागदावर नसलेला पण सर्वांत महत्त्वाचा नियम.

प्रत्यक्ष शिकारीत हत्यार जवळजवळ नसतेच. खांद्यावर कापडी पिशव्या, हातात एक काठी आणि एक छोटी पहार. शोध सापाचा नसून खुणांचा असतो. उंदराच्या बिळाच्या तोंडाशी माती गुळगुळीत झाली आहे का, कोळ्याचे जाळे शाबूत आहे की तुटले आहे, कातीचा तुकडा अडकला आहे का, विष्ठा ताजी की वाळलेली, वाळूवर उमटलेली रेघ नागमोडी आहे की फुरशाच्या आडव्या चालीची. जाळे शाबूत असेल तर त्या बिळात रात्री कोणी शिरलेले नाही, म्हणून खणण्यात वेळ घालवायचा नाही. खणताना पहार बिळाच्या तोंडातून सरळ न घालता कडेने माती सोडवत नेतात, म्हणजे साप जखमी होत नाही आणि तो अचानक अंगावरही येत नाही. बिळात हात घालून चाचपणे वर्ज्य. शेपूट दिसली की ती धरून साप हळूच बाहेर घेतात, काठीने त्याचे धड हलके पेलतात आणि त्याला पिशवीच्या काळोखाकडे जाऊ देतात. घाबरलेला साप अंधार शोधतो; पिशवी ही त्याला सुटकेची वाट वाटते. मानेवर दाब देऊन पकडण्याचे जे प्रदर्शन सर्पमित्रांच्या चित्रफितींत दिसते, ते इथे क्वचितच लागते. मानेवर चिमटा बसला की साप बिथरतो, त्याच्या मणक्याला इजा होते आणि माणसाचा अंगठाही दातांच्या टप्प्यात येतो.

मण्यार निशाचर, तेव्हा तिच्यासाठी विजेरी घेऊन रात्री हिंडावे लागते. फुरसे आकाराने किरकोळ, पण चपळ आणि चिडके. तीन-चार दशकांचा अनुभव असलेला इरुळरही त्याला धरताना घाई करत नाही. एवढे करूनही दंश होतातच, आणि तेव्हा मुळी-पाल्यावर न थांबता इस्पितळ गाठणे हाच उपाय.

सोसायटीत आलेल्या प्रत्येक सापाची जात, लिंग, लांबी आणि वजन वहीत चढते. मग त्याला वाळू घातलेल्या मातीच्या मडक्यात ठेवतात आणि तोंडाला सुती फडके बांधतात. मडके आतून थंड राहते आणि हवा खेळती असते. साप इथे सुमारे तीन-चार आठवडे असतो. आठवड्यातून एकदा, असे साधारण चार वेळा त्याचे विष काढतात: पातळ पडदा ताणून बांधलेल्या काचपात्राच्या कडेला साप चावतो आणि पिवळसर थेंब आत उतरतात. हे विष गोठवून, निर्वातात सुकवून त्याची भुकटी करतात. सोडण्याआधी पोटाकडच्या एका खवल्याला बारीक काप दिला जातो. काही काती टाकल्यावर ही खूण बुजते. तोवर तोच साप पुन्हा हाती लागला तर ओळखता येतो आणि त्याला परत सोडले जाते. मग वनखात्याच्या नियमानुसार साप वस्तीपासून दूर रानात सोडतात. या साऱ्या नियमांत एका काप दिलेल्या खवल्याचा नियम सर्वांत हुशारीचा आहे. त्याला यंत्र लागत नाही, खर्च नाही, आणि फसवणुकीला जागा राहत नाही.

ही भुकटी महाराष्ट्रातही येते. मुंबईची हाफकिन ही लस बनवणारी संस्था या विषाच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक. अल्प मात्रेत विष घोड्यांना टोचायचे, त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी करायची आणि त्यातून चारही सापांवर चालणारी एकच लस बनवायची, ही इथली पद्धत. या लसीचा 1 मिलिलिटर नागाचे किंवा घोणशीचे 0.6 मिलिग्रॅम, आणि मण्यार किंवा फुरशाचे 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ करील, असे प्रमाण ठरलेले आहे. एका रुग्णाला दहा-वीस कुप्या का लागतात, ते यावरून कळते. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, असा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात टोचलेल्या लसीमागे चेंगलपट्टूच्या बांधावर खणणारा कोणी इरुळर असू शकतो.

उंदरांची शिकार हा इरुळरांचा दुसरा उद्योग, आणि तो कायद्याने कधी अडवला नाही, कारण उंदीर-घुशी उपद्रवी प्राण्यांत गणल्या गेल्या. उंदीर धरले की शेतकऱ्याचे पीक वाचते, इरुळरांना मांस मिळते आणि बिळात साठवलेले धान्यही हाती लागते. धोका होता तो धुराचा. मडक्यात पाला-गवत पेटवून त्याच्या भोकातून तोंडाने फुंकर मारत धूर बिळात सोडत. ओठ आणि हात भाजत आणि निम्मा धूर फुंकणाऱ्याच्याच छातीत जाई. पुढे हाताने फिरवायच्या पंख्याचे लोखंडी धूरयंत्र त्यांच्यासाठी तयार झाले आणि फुंकण्याचे काम यंत्राकडे गेले. सुरक्षित शिकार म्हणजे बंदुकीची नळी कुठे रोखावी एवढेच नव्हे. शिकाऱ्याच्या फुफ्फुसांचाही त्यात विचार हवा.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र असे एकही दार उघडले नाही. उलट पक्षी राखण्याची रीत इथे 1972 च्या कायद्याहून जुनी आहे. चेन्नईपासून सुमारे 80 किलोमीटरवर वेदांतंगळचा तलाव आहे. पाणपक्ष्यांच्या विष्ठेने तलावाचे पाणी खतासारखे कसदार होते आणि ते भाताला मिळते, हे गावकऱ्यांना ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज शिपाई तिथे पक्षी टिपू लागले, तेव्हा गावकरी चेंगलपट्टूच्या कलेक्टरकडे गेले. 1798 मध्ये कलेक्टर लायोनेल प्लेस यांनी गावाला पक्षी राखण्याचा अधिकार लिहून दिला. पक्षी दचकू नयेत म्हणून गाव दिवाळीत फटाकेही उडवत नाही.

याच मुलखात नरिकुरवर जमात ठासणीच्या बंदुकांनी आणि जाळ्यांनी बगळे, तितर, लावे मारून जगत होती. त्यांचे नाते सांगायचे तर ते आपल्याकडच्या फासेपारध्यांशी. दोघांच्याही बोलीत गुजरातीच्या खुणा आहेत. 1972 नंतर दोघांचीही शिकार गुन्हा ठरली. नरिकुरवर मणी आणि माळा विकू लागले. संसदेने त्यांना अनुसूचित जमातींच्या यादीत घेतले ते डिसेंबर 2022 मध्ये. सापाच्या विषाला औषधाचा बाजार होता, म्हणून इरुळरांच्या हुन्नराला परवाना मिळाला. तितराच्या मागे असा बाजार नव्हता. जाळे विणण्याचे आणि पक्ष्याची साद हुबेहूब काढण्याचे ज्ञान त्यामुळे वाया गेले, हे मान्य करायला हवे. पक्षी पकडून कडी घालणाऱ्या काही शास्त्रीय प्रकल्पांनी पारंपरिक पारध्यांना कामावर घेतले, पण सबंध जमात त्यावर जगू शकत नाही.

इरुळरांच्या हुन्नराला समुद्रापलीकडूनही बोलावणे आले. फ्लोरिडाच्या दलदलीत माजलेल्या ब्रह्मी अजगरांना धरण्यासाठी 2017 च्या जानेवारीत मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल तिथे गेले आणि पहिल्या काही दिवसांतच त्यांनी 13 अजगर शोधून दिले. त्यांत 16 फुटांची एक मादी होती. 2023 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

तरी सोसायटीपुढच्या अडचणी मोठ्या आहेत. परवानगी मुदतीची असते. कागद उशिरा आला की तेवढे दिवस मडकी रिकामी आणि सभासदांचा रोजगार बंद. रानातून धरलेल्या सापांपेक्षा कायम पाळलेल्या, पूर्वेतिहास ठाऊक असलेल्या सापांचे विष वापरावे, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांचा कल आहे. आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनाने दाखवले आहे की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. तमिळनाडूच्या नागाच्या विषापासून केलेली लस राजस्थानात किंवा ईशान्येत तितकी लागू पडेलच असे नाही. त्यासाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतून विष जमवायला हवे. म्हणजे तिथेही कलम 12 खालचे परवाने, मडकी, वह्या आणि साप न दुखवता धरणारी माणसे लागतील. इरुळरांचा परवाना मात्र त्यांच्या स्वतःच्या काही जिल्ह्यांपुरताच आहे.