जुन्या गाडीच्या गंजाचं काम: आधी पाणी शोधा, मग पत्रा कापा



जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करून द्यायच्या, असा व्यवसाय तुमच्या डोक्यात असेल तर आजचा विषय नीट वाचा. या कामात नवीन माणूस बुडतो तो इंजिनात नाही, तर गंजात. आपण उदाहरणाला घेऊ प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, आपल्या सगळ्यांच्या ओळखीची गाडी. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली, पण घरोघरी जपून ठेवलेल्या पद्मिनी आजही आहेत आणि मालक त्यांच्यावर खर्च करायला तयार आहेत.

ही गाडी पत्र्यावरच उभी आहे

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालून पुढून मागे जाणाऱ्या पोकळ पेट्या आणि खांब, हाच तिचा सांगाडा. म्हणजे दाराखालची पेटी कुजली तर तो फक्त दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीची ताकद जाते. तिथे पुट्टी भरून वरून रंग मारून गाडी दिली, तर तुम्ही ग्राहकाच्या जिवाशी खेळताय. हे पहिल्या दिवसापासून पक्कं ठरवा: वजन पेलणाऱ्या जागी पुट्टी नाही, वेल्डिंगच.

गंज हा परिणाम आहे, कारण पाणी

ग्राहक म्हणतो, "इथे भोक पडलंय, तेवढं बुजवून द्या." तुम्ही बुजवता. पुढच्या पावसाळ्यात भोक परत हजर! का? कारण पाणी येण्याची वाट तशीच राहिली. भोक पायाशी दिसतं, पण पाणी बहुतेक वेळा वरून आलेलं असतं.

नेहमीच्या जागा या: पुढच्या-मागच्या काचेचं वाळलेलं रबर, काचेखालच्या हवेच्या जाळीत साचलेला पाला, दारांच्या तळाची बुजलेली निचऱ्याची भोकं, डिकीचं रबर, मागच्या दिव्यांखालचं पॅकिंग, आणि इंजिनाकडून आत येणाऱ्या वायरींची रबरी बुचं.

शोधायचं कसं? सीट आणि मॅटिंग काढा, आतलं सगळं कोरडं करा, तळावर वर्तमानपत्रं पसरा. एक माणूस टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर पाइप घेऊन. पाणी हळू सोडायचं, आणि खालून वर जायचं. आधी दाराचा तळ, मग दाराची काच, मग पुढची काच, शेवटी छत. प्रत्येक जागी पाच मिनिटं. एकदम छतावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळतच नाही. कागद ओला झाला की जागेवर खडूने खूण आणि मोबाइलवर फोटो.

गंजाचे तीन प्रकार, तीन दर

१. वरवरचा: रंग फुगलाय, पत्रा शाबूत आहे. चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, लगेच इपॉक्सी प्रायमर मारा.

२. खड्ड्यांचा: वायर ब्रशने घासा, खड्ड्यात उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावा, मग प्रायमर. पत्रा किती उरलाय ते दाबून बघा.

३. आरपार: चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, त्याच जाडीचा तुकडा घडवा आणि मिग वेल्डिंगने बसवा. सलग ओढू नका. लांब-लांब टाके मारा, मधे गार होऊ द्या, नाहीतर पत्रा वाकतो.

दाराखालची पेटी करताना गाडीला नीट आधार द्या, दोन्ही बाजू एकदम कापू नका आणि दारं लावून फटी पुन्हा पुन्हा तपासा. आधार चुकला तर काम झाल्यावर दारच लागत नाही! वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, जवळ काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवा, आग विझवण्याचं साधन हाताशी ठेवा.

शेवटी सांध्यांना सीलर, पोकळ पेट्यांच्या आत मेणाचा फवारा. निचऱ्याची भोकं मात्र उघडीच ठेवायची. ती बुजवली की पाणी आत कोंडलं.

आता पैशाचं गणित

गंज वरून जेवढा दिसतो, त्यापेक्षा आत जास्त असतो. समजा तुम्ही काम ६०,००० रुपयांना ठोक घेतलं, त्यात नफा धरला १५,०००. पत्रा उघडल्यावर आठ दिवस जास्त लागले. मजुरी आणि जागा मिळून दिवसाला २,००० धरले तरी १६,०००, वर माल ४,०००. झाले २०,०००. नफा गेला आणि खिशातून ५,००० घातले. वर ग्राहकाशी वाद वेगळाच.

म्हणून काम दोन टप्प्यांत घ्या.

* टप्पा पहिला, तपासणी: वेगळी फी. पाण्याची चाचणी, चुंबक फिरवून जुनी पुट्टी शोधणं (जाड पुट्टीवर चुंबक नीट चिकटत नाही), स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐकणं. शेवटी फोटोंसह लेखी यादी.
* टप्पा दुसरा, दुरुस्ती: प्रत्येक जागेचा वेगळा दर. "उघडल्यावर जास्त निघालं तर आधी फोन, मग काम," ही ओळ अंदाजपत्रकात लिहाच.

हमी फक्त तुम्ही उघडलेल्या जागेची द्या, सगळ्या गाडीची नको. गाडी सोपवताना ग्राहकासमोर तीच पाण्याची चाचणी परत करा. कोरडा कागद त्याच्या हातात द्या. यापेक्षा मोठी जाहिरात नाही.

ग्राहकाला अजून एक माहिती द्या. ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. तेव्हा बॉडीचा मूळ आकार मनाने बदलू नका.

सुरुवातीलाच पेंट बूथवर कर्ज काढू नका. मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, फक्त पाणी-तपासणी आणि रबर बदलायची सेवा सुरू करा. भांडवल कमी लागतं, विश्वास कमावता येतो आणि मोठी कामं त्यातूनच येतात.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीतल्या कुणाची तरी जुनी गाडी घ्या, वर सांगितली तशी चाचणी करा आणि एका पानाचा अहवाल लिहा. तो वाचून मालकाला "पाणी इथून येतंय" हे समजलं, तर तुमचं पहिलं विकण्यासारखं काम तयार झालं समजा.

भेटूया पुढच्या लेखात. कामाला लागा!