किती देवांचे?
समूहमन : लेखांक 6

माघ पौर्णिमा जवळ आली की मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या दरेकसा या एरवी सुस्तावलेल्या स्टेशनात पाय ठेवायला जागा उरत नाही. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण, ओडिशा अशा चहूकडून आलेली गोंड कुटुंबे धनेगावच्या वाटेला लागतात. डोक्याला पिवळे फेटे, हातात सप्तरंगी झेंडे. अनोळखी माणूस समोर आला की ‘जय सेवा’ आणि त्यामागोमाग ठरलेला प्रश्न: किती देवांचे? चार, पाच, सहा की सात? उत्तरावरून समोरच्याशी भाऊबंदकी लागते की सोयरीक जुळू शकते, ते कळते. नाव, गाव, नोकरी या चौकश्या मागाहून.

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, धनेगावजवळच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. कली कंकाली मातेच्या तेहतीस मुलांना इथे कोंडून ठेवले होते, पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवले आणि लिंगोने त्यांना कोया पुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची, शिकवण दिली, अशी कथा आहे. देवांच्या संख्येवर बेतलेली गोंडांची गोत्रव्यवस्था लिंगोनेच घालून दिली, असे मानतात. म्हणून ही गुहा साऱ्या गोंडांचे मूळ ठिकाण.

कथा प्राचीन, पण आजच्या रूपातली यात्रा मात्र 1984 सालची. गोंडी भाषेचे आणि संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी मोजक्या साथीदारांसह ती सुरू केली. आज तिथे लाखोंची गर्दी होते. मूठभरांचे लाखो कसे झाले? पत्रके वाटून, भाषणे देऊन एवढी माणसे जमत नाहीत. त्याच्या मुळाशी काय आहे, हे समजायला हेन्री ताजफेल यांची मदत होते.

ताजफेल हे पोलंडमधले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना ते जर्मनांच्या हाती सापडले आणि फ्रेंच युद्धकैदी म्हणून गणले गेले, त्यामुळे वाचले. माणूस तोच, तो कोणत्या गटातला, यावर जगणे-मरणे ठरले. पुढे ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांनी जॉन टर्नर यांच्यासह 1979 साली ‘सामाजिक ओळखी’चा सिद्धान्त मांडला. ज्या गटाला समाज कमी लेखतो, त्यातल्या माणसापुढे तीन वाटा असतात, असे त्यात सांगितले आहे. एक, एकट्याने गट सोडून जाणे: आडनाव बदलावे, बोली विसरावी, शहरात मिसळून जावे. दुसरी, ज्याची लाज वाटायला लावले त्याचाच अभिमान धरणे. तिसरी, सगळ्यांनी मिळून आपला वाटा मागणे.

दुसऱ्या वाटेचे उदाहरण कंगालींच्या नावातच आहे. त्यांचे मूळ नाव मोतीराम. ते त्यांनी मोतीरावण करून घेतले. रावणाला पूर्वज मानणाऱ्या समाजाचे आपण आहोत, हे प्रत्येक सहीसरशी सांगायची सोय झाली.

पण नाव बदलणे हे एकट्याचे काम. आपल्यासारखे आणखी किती आहेत, हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय दुसऱ्या वाटेवरून तिसरीवर जाता येत नाही. राजनांदगावच्या बाजूच्या खेड्यात राहणाऱ्याला आदिलाबादचा गोंड एरवी भेटणार कुठे? राज्यांच्या सीमांनी वेगवेगळे झालेले लोक कचारगडला एका पायवाटेने चढतात. आपली संख्या अंगाला जाणवते.

गर्दीत माणसाचे भान सुटते, तो झुंडीचा होतो, असे फ्रेंच लेखक गुस्ताव ल बों यांनी 1895 साली लिहिले आणि शंभर वर्षे ते ब्रह्मवाक्य ठरले. मानसशास्त्रज्ञ स्टीफन रायशर, निक हॉपकिन्स आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी ते प्रयागच्या माघ मेळ्यात तपासून पाहिले. महिनाभर गंगेकाठी थंडीत, गोंगाटात राहणारे 416 कल्पवासी आणि घरीच राहिलेले 127 जण यांना मेळ्याआधी आणि मेळ्यानंतर त्यांच्या प्रकृतीबद्दल विचारले. हाल सोसून आलेल्या कल्पवाश्यांनी आपली तब्येत, मनःस्थिती सुधारल्याचे सांगितले; घरी राहिलेल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. सभोवतालचे लोक आपले आहेत, गरज पडली तर धावून येतील, या भरवशाचा त्यात मोठा हात होता, असे संशोधकांचे म्हणणे. कचारगडचा तसा अभ्यास झाला तर त्याची तुलना प्रयागशी करता येईल. महिनाही माघच.

तिसरी वाट जनगणनेच्या तक्त्यात दिसते. तिथे सहा धर्मांना स्वतःचे सांकेतिक क्रमांक, बाकी सारे ‘इतर’मध्ये. तरीही 2011 साली देशभरात दहा लाखांहून अधिक लोकांनी ‘इतर’मध्ये आपला धर्म गोंडी असल्याचे नोंदवले, सरना हा आदिवासी धर्म लिहिणारे एकोणपन्नास लाखांच्या घरात होते. हे श्रेय एकट्या कचारगडचे नाही. पण दारात उभ्या असलेल्या प्रगणकाला नेहमीच्या सहांतला एखादा धर्म न सांगता ‘गोंडी लिहा’ असे ठामपणे सांगायला मनात एक बळ असावे लागते. आदिवासी धर्मांसाठी जनगणनेत स्वतंत्र रकाना असावा ही मागणी, 2027ची जनगणना तोंडावर आली असताना, पुन्हा जोर धरते आहे.

ओळख जुळली म्हणजे काम होतेच, असे मात्र नाही. तलाव सगळ्यांचा, मासळी सगळ्यांची, मग चिखलात उतरून बेशरमाची झुडपे उपटायची कोणी? पुढच्या आठवड्यात याच जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावच्या तलावांवर जाऊ. तिथे ढिवर समाजाच्या बायकांनी हा प्रश्न कसा सोडवला, ते पाहायचे आहे.