गीझरची बचत : दाव्याची पारख मीटरवरच

गोरेगावच्या सदनिकांमध्ये पहाटे साडेपाच-सहापासून गीझर सुरू होतात आणि दुकान-कचेरीला जाणारी मंडळी बाहेर पडेपर्यंत ते चालूच असतात. त्यामुळे गीझरला जोडण्याची नियंत्रण-उपकरणे विकणाऱ्यांना येथे ग्राहक सहज मिळतो. कोणी वेळ लावण्याचा टायमर विकतो, कोणी मोबाइलवरून चालणारा स्विच, तर कोणी भिंतीतील प्लगला लावायची ‘वीजबचत’ पेटी. बिल तीस टक्क्यांनी उतरेल, असे आश्वासन दिले जाते. वजनकाट्याविना माल न घेणाऱ्या व्यापारी कुटुंबांनी हे आश्वासनही काट्यावर घालूनच स्वीकारावे.

प्रथम पाण्याचे गणित पाहू. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते आणि एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. पंधरा लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ०.२६ युनिट वीज खर्च होते. गीझरमधील तापक कांडी घेतलेल्या जवळजवळ सर्व विजेचे उष्णतेत रूपांतर करते. म्हणून ही ०.२६ युनिटे कोणतेही उपकरण वाचवू शकत नाही. ती वाचवायची तर पाणी कमी घ्यावे किंवा कोमट घ्यावे.

मग वाचू शकते काय? टाकीत तापवून ठेवलेल्या पाण्याची जी उष्णता भिंतींतून निघून जाते, तेवढीच. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तारांकित लेबलासाठी साठवण गीझरचा हाच व्यय मोजला जातो. पाणी भोवतालपेक्षा ४५ अंश अधिक उष्ण असताना चोवीस तासांत किती युनिटे वाया जातात, यावर तारे ठरतात. समजा हा आकडा अर्धा युनिट आहे. गीझर दिवसभर चालू राहणाऱ्या घरात टायमर त्यातील मोठा भाग वाचवील. परंतु ज्या घरात आंघोळी आटोपताच बटण बंद होते, तेथे टायमरला वाचवण्यासारखे फारसे उरतच नाही. तेथे जुनी सवयच विनामूल्य टायमर ठरते.

‘वीजबचत’ पेटीची गोष्ट वेगळी. तिच्यात बहुधा कपॅसिटर असतो आणि तो पॉवर फॅक्टर सुधारतो. मात्र गीझरचा पॉवर फॅक्टर मुळातच जवळजवळ एक असतो आणि घरगुती बिल प्रत्यक्ष किलोवॅट-तासांवर आकारले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनेही २००९ मध्ये घरगुती वापराच्या अशा उपकरणांचा अभ्यास केला. त्यांमुळे बिलात लक्षणीय घट होत नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता.

फसगत कोठे होते?

दोन बिलांची तुलना करताना. जानेवारीत नळाचे पाणी २५ अंशांचे आणि एप्रिलमध्ये ३० अंशांचे असेल, तर त्याच बादलीला ०.२६ ऐवजी ०.१७ युनिट पुरते. म्हणजे जानेवारीअखेर बसवलेल्या पेटीला एप्रिलमध्ये आंघोळीच्या विजेतील एक-तृतीयांश बचतीचे श्रेय काही न करताच मिळते! ब्रिटनमध्ये घर उबदार ठेवणाऱ्या बॉयलरच्या नियंत्रकांबाबतही हाच प्रश्न येतो. म्हणून तेथे बाहेरचे तापमान १५.५ अंशांच्या किती खाली होते, हे ‘अंश-दिना’त मोजून इंधनखर्च त्याच्याशी ताडून पाहतात.

रुपयांची तुलना तर अधिकच फसवी. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर दराचे टप्पे बदलतात, शिवाय इंधन समायोजन आकारही बदलतो. म्हणून चाचणीचा हिशेब युनिटांतच मांडावा.

आठ आठवड्यांचा रोजमेळ

चाचणी अवघड नाही. अनुभवी इलेक्ट्रिशियनकडून गीझरच्या जोडणीवर छोटा उपमीटर बसवून घ्यावा. घराच्या मुख्य मीटरवर फ्रिज आणि पंख्यांचीही भर पडत असल्याने तो येथे उपयोगाचा नाही. पहिल्या आठवड्यात उपकरण चालू ठेवावे, दुसऱ्या आठवड्यात काढून टाकावे आणि आठ आठवडे असाच क्रम राखावा. रोज ठरावीक वेळी मीटरचा आकडा, आंघोळीच्या बादल्यांची संख्या आणि नळाच्या पाण्याचे तापमान वहीत लिहावे. पाहुणे आले तर तशी नोंद करावी. कोणता आठवडा कोणता, हे नोंद ठेवणाऱ्याखेरीज कोणाला सांगू नये, म्हणजे कोणी नकळत काटकसर करणार नाही. शेवटी दोन्ही प्रकारच्या आठवड्यांतील प्रत्येक बादलीमागचे युनिट काढावे. एकाच प्रकारच्या आठवड्यांत आपापसांत जेवढा फरक पडतो, त्याहून बचतीचा आकडा मोठा नसेल, तर ती बचत मानू नये.

त्यानंतर भांडवलाचा विचार. समजा उपकरण २,००० रुपयांचे आहे आणि महिन्याला ६ युनिटे वाचतात. घराचा वापर ज्या सर्वांत वरच्या टप्प्यात पोहोचतो, त्या टप्प्याचा दर येथे धरावा, कारण वाचणारे युनिट तेथूनच कमी होते. तो दहा रुपये धरल्यास वर्षाला ७२० रुपये वाचतात आणि मुद्दल फिटण्यास पावणेतीन वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. उपकरणाची हमी एकच वर्षाची असेल, तर हा व्यवहार आतबट्ट्याचा.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र रुपयांत मोजता येत नाही. २,००० वॅटचा गीझर जवळपास नऊ अँपिअर आणि ३,००० वॅटचा तेरा अँपिअर प्रवाह ओढतो. सहा अँपिअरचा स्वस्त टायमर त्यावर तापून पेट घेऊ शकतो. तेव्हा सोळा अँपिअर क्षमतेखालचे उपकरण चाचणीपुरतेही लावू नये.