सभाधीटपणा : जन्मजात की कमावलेला?

चारचौघांत मोकळेपणाने बोलणाऱ्या माणसाला सभेपुढे उभे केले की त्याच्या घशाला कोरड पडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. निरोप समारंभ असो, ग्राहक मेळावा असो वा गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असते तो अनेकदा गप्प बसतो आणि निर्णय मात्र बोलणाऱ्यांच्या मताने होतात. बचत गटातील एखाद्या महिलेला आपली अडचण अधिकाऱ्यांपुढे मांडता आली नाही, तर ती अडचण जणू नव्हतीच असे धरले जाते. म्हणूनच वक्तृत्व हा केवळ व्यासपीठाची शोभा वाढविणारा गुण नव्हे. तो उपजतच असावा लागतो, असा मात्र सर्वसाधारण समज आहे. छत्तीसगडची राजधानी रायपूर आणि तिचा परिसर यांच्याशी संबंध आलेल्या तीन व्यक्तींची चरित्रे या समजाला छेद देतात.

शिकागोपूर्वीची वाटचाल

सन १८७७ मध्ये वडील विश्वनाथ दत्त यांच्या कामानिमित्त चौदा वर्षांचा नरेंद्र कुटुंबासह कोलकात्याहून रायपूरला आला. नागपूरपुढचा प्रवास बैलगाडीने झाला. सुमारे दोन वर्षांच्या या वास्तव्यात घरी येणाऱ्या जाणत्या मंडळींच्या चर्चा तो ऐकत असे आणि वडील त्यालाही स्वतःचे मत मांडण्यास उत्तेजन देत. हाच मुलगा पुढे स्वामी विवेकानंद झाला. रायपूरचा बूढा तालाब आज विवेकानंद सरोवर म्हणून ओळखला जातो.

दिनांक ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत स्वामीजींनी केलेले भाषण हा एखादा चमत्कार असावा, अशा थाटात त्याचे वर्णन केले जाते. वस्तुतः त्यामागे मोठी वाटचाल होती. १८९२ मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांकडे मुक्कामाला असताना ते हिराबागेतील डेक्कन क्लबच्या बैठकीस गेले होते. तेथील व्याख्यान संपल्यावर त्यांनी उभे राहून त्याच विषयाची दुसरी बाजू अस्खलित इंग्रजीत मांडली. फेब्रुवारी १८९३ मध्ये सिकंदराबादच्या महबूब कॉलेजात त्यांचे जाहीर व्याख्यान झाले. अमेरिकेत पोहोचल्यावरही परिषदेपूर्वी ॲनिस्क्वाम, सेलम व साराटोगा येथील लहानमोठ्या सभांतून ते बोलले. साराटोगा येथील त्यांच्या भाषणाचा एक विषय तर भारतातील चांदीचा वापर हा होता.

इतका सराव असूनही परिषदेच्या पहिल्या दिवशी सकाळच्या सत्रात त्यांना उभे राहण्याचा धीर झाला नाही. छाती धडधडत होती आणि जीभ कोरडी पडली होती, असे त्यांनी स्वतःच पत्रातून कळविले आहे. अखेर दुपारी ते बोलले. सरावाने भीती नाहीशी होतेच असे नाही. परंतु भीती असतानाही उभे राहता येते, हे सरावच शिकवतो.

अपयशाची पायरी

दुसरे नाव महात्मा गांधींचे. नोव्हेंबर १९३३ मध्ये अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यात ते रायपूरला आले, तेव्हा त्यांचे शब्द ऐकण्यासाठी देशभर जनसमुदाय लोटत होता. या वक्त्याचा आरंभ कसा होता? लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या समितीत त्यांनी लिहून नेलेले मनोगत दुसऱ्याला वाचावे लागले. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यास ते उठले. परंतु डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. त्यांनी खाली बसून घेतलेली फी परत केली.

१८९३ मध्ये प्रिटोरिया येथे भारतीय व्यापाऱ्यांच्या सभेत मात्र ते चांगले बोलले. विषय होता व्यापारातील सचोटी. तो त्यांच्या अंतःकरणातला होता आणि श्रोत्यांच्या रोजच्या व्यवहाराला भिडणारा होता. स्वतःच्या प्रभावाची चिंता सुटून श्रोत्यांच्या हिताकडे लक्ष गेले, की वाणीचे बंधन सैल होते. तरीही प्रगतीची रेषा सरळ नव्हती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील सभेत त्यांचा आवाज पुन्हा दबला आणि उर्वरित भाषण दिनशा वाच्छा यांनी वाचून दाखविले. पुढील काळात आपल्या या संकोचातच गांधीजींना लाभ दिसला. त्यामुळे आपण शब्द तोलून वापरण्यास शिकलो, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे.

कथेचे बळ

सराव आणि चिकाटी यांच्या जोडीला तिसरी गोष्ट हवी, ती कथनाची. छत्तीसगडच्या पंडवानी या लोककलेत तिचे सामर्थ्य दिसते. दुर्ग जिल्ह्यातील गनियारी गावच्या तीजनबाई यांनी आजोबा ब्रिजलाल यांच्या मुखातून महाभारताच्या कथा ऐकून पाठ केल्या. वयाच्या तेराव्या वर्षी चंदखुरी गावात त्यांनी पहिला कार्यक्रम केला. स्त्रियांनी बसून गाण्याच्या वेदमती शैलीऐवजी त्यांनी उभ्याने सादर करण्याची कापालिक शैली स्वीकारली. गाण्यापायी समाजाचा बहिष्कारही सोसला. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या या कलावतीस २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण सन्मान प्राप्त झाला.

त्यांच्या हातातील तंबुरा क्षणात भीमाची गदा होई, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. सोबतचा ‘रागी’ हुंकार देतो, मधूनच प्रश्न विचारतो. श्रोत्यांच्या मनातील शंका त्याच्या तोंडून प्रकट होते. पोवाड्यातील झीलकरी हे आपल्याकडील त्याचेच भावंड. कीर्तनकारही पूर्वरंगात तत्त्व सांगून उत्तररंगात आख्यान लावतो, कारण प्रसंगाच्या आधारानेच तत्त्व स्मरणात राहते. विवेकानंदांनीही १५ सप्टेंबर १८९३ रोजी परिषदेत धर्माधर्मांतील मतभेदांची मीमांसा करताना विहिरीतील बेडकाची गोष्टच सांगितली होती.

दैनंदिन व्यवहारात

या तिन्ही उदाहरणांतून काही व्यवहार्य सूत्रे हाती येतात. प्रारंभ लहान मेळाव्यातून करावा. आभारप्रदर्शनाची दोन मिनिटेही पुरेशी असतात. भाषण पाठ करण्यापेक्षा तीन मुद्दे क्रमाने ध्यानात ठेवावेत आणि पहिले व शेवटचे वाक्य मात्र पक्के असावे. घरातील एखाद्याला ‘रागी’ करून त्याच्यापुढे मोठ्याने सराव करावा. त्याला जेथे प्रश्न पडेल तेथे विवेचन अपुरे आहे असे समजावे. मुदत ठेव किंवा विमा यांची माहिती देताना नियमांची जंत्री वाचण्याऐवजी, मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा रक्कम बाजूला ठेवणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण द्यावे. भाषण फसल्यास नेमके कोठे अडखळले, एवढे त्याच दिवशी टिपून ठेवावे आणि पुढची संधी नाकारू नये.

आवर्ती ठेवीत दरमहा पडणारी रक्कम लहानच असते. मुदतीअखेर ती भांडवल होते. सभाधीटपणाचेही तसेच आहे. प्रत्येक सभेत उच्चारलेली चार वाक्ये, मग ती अडखळत का होईना, त्या खात्यात जमाच होत असतात.