चुंबकावरणातील कण कोठून येतात?

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अवकाशात जेवढ्या प्रदेशावर आपला अंमल चालवते त्याला चुंबकावरण म्हणतात, आणि त्यात अडकून फिरणारे विद्युतभारित कण सर्वस्वी सूर्याकडूनच आलेले असावेत, असे १९६० च्या दशकापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञ मानत असत. हा तर्क निराधार नव्हता. सूर्याचे प्रभामंडल, म्हणजे त्याच्या वातावरणाचा सर्वांत बाहेरचा थर, दहा लाख अंशांहून अधिक तापलेला असल्याने त्यातून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा झोत सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने अखंड वाहत असतो, आणि त्यालाच सौरवारा हे नाव आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आदित्य-एल१ हे यान आज पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर याच वाऱ्यात आहे. त्यावरील ‘सूट’ ही सूर्याचे अतिनील चित्रण करणारी दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेच्या पुढाकाराने घडली, तर ‘ॲस्पेक्स’ हे अहमदाबादहून आलेले उपकरण वाऱ्यातील कण टिपते. यानापाशी टिपलेला वारा तासाभरात पृथ्वीजवळ पोचतो. त्याचा बहुतांश भाग चुंबकावरणाला वळसा घालून निघून जातो आणि थोडाच आत शिरतो.

आत सापडलेला कण सूर्याचा की पृथ्वीचा, हे ऑक्सिजन फार सुंदर रीतीने सांगतो. त्याच्या अणूत आठ इलेक्ट्रॉन असतात; प्रभामंडलाच्या उष्णतेत त्यांपैकी बहुधा सहा-सात निघून जातात, पण आयनांबरात, म्हणजे सूर्यकिरणांमुळे विद्युतभारित झालेल्या आपल्या वातावरणाच्या वरच्या थरात, सहसा एकच इलेक्ट्रॉन सुटतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी उपग्रहांना चुंबकावरणात नेमका हाच, एकच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन भरपूर ऊर्जेसह आढळला, तेव्हा पृथ्वीचे स्वतःचे वातावरणही या कणांचा एक मोठा उगम असल्याचे मान्य करावे लागले. ध्रुवप्रदेशांवरील विद्युत क्षेत्रे आणि तरंग या जड कणांना तापवून गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर लोटतात. तिसरा उगम लहान, पण चिवट आहे: दूरच्या अवकाशातून येणारे वैश्विक किरण हवेवर आदळून न्यूट्रॉन उडवतात, आणि त्यांतले काही वाटेतच विघटित होऊन आतल्या किरणपट्ट्याला, म्हणजे पृथ्वीजवळ अडकलेल्या वेगवान कणांच्या कड्याला, प्रोटॉन पुरवतात.

मोठ्या चुंबकीय वादळात पृथ्वीभोवती कणांचा जो वलयप्रवाह वाहू लागतो, त्यात हा घरचा ऑक्सिजन कित्येकदा प्रोटॉनांहूनही वरचढ ठरतो. या प्रवाहामुळे जमिनीवरील चुंबकीय क्षेत्र किंचित क्षीण होते. ती घट १८४१ पासून कुलाब्याच्या वेधशाळेत, आणि मुंबईतील ट्राम विजेवर चालवण्याचे ठरल्यावर, त्या विजेने मोजणी बिघडू नये म्हणून, १९०४ पासून अलिबागेत नोंदली जात आली आहे.